रकाना क्रमांक चौदा

अर्जाच्या दुसऱ्या पानावर, चौदाव्या रकान्यात विचारलंय :
लोकप्रशासनच का? पुढील दहा वर्षांची उद्दिष्टे?
जागा सहा ओळींची.
बाहेर चव्वेचाळीस अंश,
वसतिगृहाच्या नळाला चहाला ठेवल्यासारखं पाणी,
आणि टेकडीवरून दिसते ती गिरणा :
पाणी कमी, ट्रॅक्टर जास्त.

माझी रूममेट साक्रीची. नाव योजना.
(लोकप्रशासनाला योजना नावाची मुलगी,
सर हजेरी घेताना रोज हसतात.)
तिने दोन मिनिटांत लिहिलं : उपजिल्हाधिकारी. मग बघू.
शाई वाळायच्या आत मेसला गेली,
आज शेवभाजी आहे.

रकाना एक मात्र मी भरलाय.
तायडे विशाखा सुपडू.
प्रवेशाच्या वेळी खिडकीतला कारकून म्हणाला होता,
सुपडू? असंच लिहायचं?
असंच.
चार भावंडं गेल्यावर जगलेलं पोर,
सुपात घालून ओढलेलं.
त्याला दुसरं काय म्हणणार.

पहिल्या सत्रात उतरंडीची आकृती होती.
आयुक्त, जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार,
मंडळ अधिकारी, तलाठी.
बाण सगळे वरून खाली
आणि तलाठ्याच्या चौकटीखाली कोरा कागद.
मी पेन्सिलीने आणखी एक चौकट काढली.
कोतवाल.
सरांनी तिच्याभोवती लाल गोल केला :
अभ्यासक्रमात नाही. अर्धा गुण वजा.

त्या कोऱ्या कागदावर आबा राहतात.
अडावदला अकरा तलाठी आले नि बदलून गेले,
गट नंबर मात्र आबांच्या पायांत राहिले,
कुठला बांध कुणी किती सरकवला, त्यासकट.
दवंडी, नोटिसा, पंचनाम्याची टेप धरणं,
पंधरा ऑगस्टला दोरीची गाठ.
आणि एका रात्री तापीच्या काठावर
हातात बॅटरी घेऊन
रेतीच्या ट्रॅक्टरसमोर उभं राहणं.

तहसीलच्या पायऱ्या चढताना
तो गुडघा अजून वाजतो.

माहितीच्या अधिकाराचं प्रात्यक्षिक होतं,
सगळ्यांनी रस्त्यांची, गटारींची माहिती मागवली.
मी दहा रुपयांचा स्टॅम्प लावून ती रात्र मागवली.
एकोणतिसाव्या दिवशी आली.
"सदर ठिकाणी उपस्थित कर्मचारी किरकोळ जखमी झाल्याचे दिसून आले.
वाहन अज्ञात.
कार्यवाही करण्यात आली."

चौथ्या पेपरला, कार्यालयीन टिप्पणीत,
वर्गात मीच पहिली आहे.
मलाही येतं आता असं वाक्य लिहिता
ज्यात कुणी कुणाला मारत नाही,
फक्त मारलं जातं,
आणि तेही दिसून येतं.

परवा फोनवर माय म्हणाली, सायेब व्हयनी त पगार कितला ऱ्हास?
मग आबांनी फोन घेतला.
खूप वेळ पंख्याचाच आवाज.
"ते मनं प्रकरण व्हतं ना, रेतीनं,
त्यामा काय लिखेल शे, एकदाव देखजो."
देखसू, म्हटलं.
तो कागद तेव्हा माझ्या उशीखालीच होता.

अभिलेखांचं वर्गीकरण मला पाठ आहे.
अ कायम. ब तीस वर्षं.
क वर्ग पाच वर्षं, नंतर नष्ट.
आबांचा गुडघा क वर्गात आहे.
दोन वर्षं झाली.
अर्ज विचारतो दहा वर्षांचं,
माझ्याकडे आहेत तीन.

मोठ्या खुर्चीचं स्वप्न मलाही पडतं, खोटं कशाला बोलू,
काचेवर हिरवं कापड, बाहेर दिवा.
पण जागी असते तेव्हा
मला एकच शब्द दिसतो,
किरकोळ,
आणि त्याखालची सही, जी वाचता येत नाही.

योजना जेवून आली. अजून बसलीयेस?
लिही काहीही. कोण वाचतं?

तिला काय सांगू.
चावडीच्या दारावर नोटीस लावायच्या आधी
आबा ती आधी स्वतः वाचतात.
खळ वाळत जाते बोटांवर,
लोक म्हणतात, चिकटव रे सुपडू, ऊन झालं,
आणि ते वाचत असतात,
ओठ हलवत,
शेवटच्या सहीपर्यंत.